ऑप्शन काय आहेत?

मे महिन्यातल्या एका सकाळी नातवाला घेऊन गंगेवर, म्हणजे आमच्या नाशकातल्या गोदाकाठी, भाजी आणायला गेले होते. साडेआठच वाजले होते, पण ऊन आत्ताच पाठीवर बसायला लागलं होतं. बायका गोणपाटावरच्या भाजीवर पाणी शिंपडत होत्या, ओल्या कोथिंबिरीच्या वासात नदीकाठचा तो नेहमीचा वास मिसळला होता. ईशान पुण्याहून सुट्टीला आलेला, तिसरी संपवून चौथीत जाणारा. पिशवीचा एक बंद त्याच्या हातात, एक माझ्या. माझी नेहमीची भाजीवाली म्हणाली, "गवार घ्या ताई, एकदम कवळी. ऐंशी रुपये किलो." मी पाऊण किलो घेतली आणि सहज, आजी लोकांना असते त्या खोडीनं विचारलं, "ईशान, पाऊण किलोचे किती द्यायचे रे?" त्यानं गवारीकडं पाहिलं, तराजूकडं पाहिलं, मग माझ्याकडं पाहिलं. अगदी निर्मळ चेहऱ्यानं विचारलं, "ऑप्शन काय आहेत?"

भाजीवाली खळखळून हसली. "आप्शन नाय बाळा, साठ रुपये हायेत." मीही हसले. पैसे दिले, वर फुकटचा कढीपत्ता घेतला, रिक्षा केली. घरी येऊन गवार मोडायला बसले तेव्हा मात्र हसू कुठंतरी गेलं होतं. शेंगेचं एकेक टोक मोडताना ते वाक्य पुन्हा पुन्हा कानात येत होतं. ऑप्शन काय आहेत.

मी 32 वर्षं एका सहकारी बँकेत होते, त्यातली निम्म्याहून जास्त कॅश काउंटरवर. माझ्या लेकीचा मुलगा आणि त्याला पाऊण किलोचा हिशोब येत नाही, हे मला लागलं, नाही असं नाही. आणि त्याचं खापर कुणाच्या डोक्यावर फोडायचं हेही मी लगेच ठरवून टाकलं. समोर सोफ्यावर उताणा पडून टॅबवर खेळत होता तो खेळ. गणिताचा खेळ, ऑनलाइन. लेकीनंच लावून दिलेला. "नुसते व्हिडिओ बघण्यापेक्षा बरं ना गं आई," असं म्हणून.

दुपारी पडदे ओढून, कूलर लावून, आंब्याच्या फोडींची वाटी मध्ये ठेवून मी त्याच्या शेजारी जाऊन बसले आणि तो खेळ पहिल्यांदा नीट पाहिला. एक हिरवा ड्रॅगन. तो उडत असतो. वर प्रश्न येतो आणि चार ढगांवर चार उत्तरं. बरोबर ढगाला बोट लावलं की ड्रॅगनला फळ मिळतं आणि नाणी खळखळतात. चुकीच्या ढगाला लावलं की तो भुस्सकन विरतो आणि उरतात तीन. कडेला एक वाळूचं घड्याळ पळत असतं. ईशानचं आंब्यानं चिकट झालेलं बोट त्या काचेवर असं काही नाचत होतं की माझ्या डोळ्यांना प्रश्न वाचून होईस्तोवर तो दोन प्रश्न पुढं गेलेला असायचा. थोड्या वेळानं माझ्या लक्षात आलं, काही प्रश्न तो वाचतच नव्हता. ढगांवरून सरळ बोट फिरवायचा, पहिला, दुसरा, तिसरा, जो लागेल तो. चुकीला दंड नाहीच तर वाचायचं कशाला? मी म्हटलं, "अरे, ही तर लबाडी झाली." तो म्हणाला, "लबाडी नाही आजी, फास्ट आहे."

पण मग 23 गुणिले 7 आलं. ढगांवर 148, 155, 161, 164. त्यानं क्षणात 161 ला बोट लावलं. "कसं काढलंस?" "थ्री सेवन्स आर ट्वेंटी वन, म्हणजे शेवटी वन येणार. वन एकाच क्लाउडवर आहे." मला रागवायचं होतं, कारण त्यानं गुणाकार केलाच नव्हता. आणि रागवताही येईना, कारण लांबलचक बेरजेचं एकक आधी पाहून घ्यायचं ही युक्ती मी काउंटरवर जन्मभर केलेली. कुणी शिकवली नव्हती त्याला. चार ढगांनीच शिकवली म्हणायची. आळशीपणातून माणूस कधीकधी खरोखरचं गणित शोधतो.

आमच्या लहानपणी ढग नव्हते. दिवेलागणीला शुभंकरोति झालं की परवचा. अण्णा झोपाळ्यावर, आम्ही तिघं भावंडं समोर चटईवर, उदबत्तीचा धूर नाकात. बे एके बे पासून तीस दाहे तीनशेपर्यंत आणि मग पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दीडकी, अडीचकी. शेवटी औटकी, म्हणजे साडेतिनाचा पाढा. मला ते आवडायचं. अर्थ कळायचा म्हणून नव्हे. त्याला एक लय होती, झोपाळ्याच्या करकरीशी जुळणारी, त्यामुळं. ताईला ती लय कधी सापडली नाही. सतरा नव्वेला ती हमखास अडायची. त्रेपन्नासे हा शब्द तिच्या तोंडातून निघायचाच नाही. ती छतातल्या पालीकडं बघत राहायची. मग अण्णांची पट्टी, मग अंगठे धरून उभं राहणं. अण्णा दुष्ट नव्हते. आजारपणात रात्रभर उशाशी बसणारा माणूस. पण चुकलेलं उत्तर त्यांना अंगावर आल्यासारखं वाटायचं.

ताई आज 70 वर्षांची आहे. बँकेचं पासबुक अजून उघडून बघत नाही.

तेव्हा त्या हिरव्या ड्रॅगनकडं बघताना मला ताईच आठवत होती. ईशान एका तासात कमीत कमी 40 वेळा चुकला असेल. एकदाही त्याचा चेहरा पडला नाही. ढग विरतो, दुसरा असतो. कुणी 'एवढंसुद्धा येत नाही?' म्हणत नाही, शेजारच्या मुलाचं उदाहरण देत नाही, उसासा टाकत नाही. सतरा नव्वे हजार वेळा विचारायलाही त्या यंत्राला कंटाळा नाही. ताईच्या हातात त्या वयात असा टॅब पडला असता तर ती आज लाईटबिलाचे पैसे स्वतः मोजून देत असती, असं मला फार मनापासून वाटलं. या खेळांना नावं ठेवणाऱ्या आम्हा सगळ्यांना त्या पट्टीचा आवाज एकदा ऐकवायला हवा.

अर्थात ड्रॅगनचं प्रेमही काही निरपेक्ष नाही. दर पाच-सात मिनिटांनी तो थांबतो आणि सोन्याचा मुकुट दाखवतो. आईबाबांना सांग, पैसे भर, मग मिळेल. फुकटात मिळतो तोही मुकुट असतो, पण दुसऱ्या दिवशी उतरतो. मी ईशानला म्हटलं, याला औटघटकेचं राज्य म्हणतात. त्याला 'औट' ऐकून क्रिकेट आठवलं. मग औट म्हणजे साडेतीन, साडेतीन मुहूर्त, साडेतीन पीठं, त्यातलं अर्धं आपल्या वणीचं, असं बरंच काही सांगत बसले. "अर्धं देऊळ कसं असतं?" या प्रश्नाला माझ्याकडं ऑप्शन नव्हते.

दुसऱ्या दिवशी मी त्याला कागदावर वजाबाक्या घालून दिल्या. पहिला प्रश्न, "किती कॉइन्स मिळणार?" आंब्याच्या एका फोडीवर सौदा ठरला. वीस वजाबाक्या होत्या, पंधरा बरोबर, पाच चूक. मी लाल पेन उचललं आणि सवयीनं थांबले.

ती सवय कशी ते सांगायला हवं. संध्याकाळी कॅश टॅली झाली नाही की आमच्याकडं कुणी 'चुकलं' म्हणून रडत बसत नसे. फरक किती, ते आधी बघायचं. 27 रुपयांचा फरक? नवानं भागला जातो? मग आकडे उलटे पडलेत. कुणीतरी 63 च्या जागी 36 लिहिलंय, जा आणि शोध. फरकाची बरोबर निम्मी रक्कम कुठं दिसते का बघ. दिसली तर जमेची नोंद नावे पडली असणार. प्रत्येक चुकीला एक चेहरा असतो आणि मुरलेला कॅशियर चेहऱ्यावरून चोर ओळखतो. पहिल्या वर्षी आमच्या जुन्या हेडकॅशियरबाई मला म्हणाल्या होत्या, आकडा खोडू नकोस, आडवी रेघ मार. खालचा चुकलेला दिसला पाहिजे. तेव्हा मला तो नुसता बँकेचा नियम वाटला होता.

तर त्या पाच चुका मी ओळीनं लिहिल्या. 52 वजा 38 बरोबर 26. 71 वजा 46 बरोबर 35. 63 वजा 27 बरोबर 44. 80 वजा 35 बरोबर 55. पाचवीही तशीच. पाचही एकाच जातीच्या. पठ्ठ्या प्रत्येक घरात मोठ्यातून लहान वजा करत होता. वर कोण, खाली कोण, बघायची भानगडच नाही. दोनातून आठ जात नाहीत ना, मग आठातून दोन घालवू. हातचा घ्यायची वेळच येत नाही. आणि हीच वजाबाकीची पायरी त्यानं खेळात तीन तारे मिळवून ओलांडली होती! कारण तिथं हातच्याचे प्रश्न थोडे आणि त्यात चुकलं तर ढग विरायचा, पुढचा ढग बरोबर निघायचा. चुकीची खूण पुसून टाकण्यात तो खेळ फार तत्पर. आडवी रेघ मारत नाही, खोडून टाकतो.

मी लेकीला फोनवर सांगितलं. ती शिक्षकांच्या प्रशिक्षणाचं काम करते. हसली आणि म्हणाली, "आई, तुला बेनी भेटला." रात्री तिनं एक जुना लेख पाठवला. 1973 सालचा, स्टॅनली अर्लवँगर या संशोधकाचा. अमेरिकेतल्या एका शाळेत सहावीतला बेनी हा 12 वर्षांचा मुलगा. तिथं प्रत्येकानं आपापल्या गतीनं पुस्तिका सोडवायच्या, उत्तरं ठरलेल्या उत्तरांशी ताडून बघायची आणि पुढं जायचं अशी पद्धत. बेनी त्यात भराभर पुढं गेलेला, वर्गातल्या चांगल्यांत गणला जाणारा. अर्लवँगरनं त्याच्याशी नुसत्या गप्पा मारल्या तेव्हा कळलं, या मुलानं स्वतःचे नियम तयार केलेत. दोन दशांश म्हणजे दोन आणि दहाची बेरीज बारा, मध्ये टिंब द्यायचं, 1.2. पाच दशांश 1.5. चारशे छेद चारशे? 8.00. आणि उत्तर ताडून चूक निघालं तर त्याला त्याचं काही वाटायचं नाही. उत्तरं वेगवेगळ्या रूपांत असतात, आपल्याला त्यांच्या मनातलं रूप ओळखायचं असतं, अशी त्याची पक्की समजूत. गणित म्हणजे कुणाच्या तरी मनातलं ओळखण्याचा खेळ. तेव्हा टॅब नव्हता, ड्रॅगन नव्हता, नुसते कागद होते. लेख वाचून मला रात्री झोप आली नाही, हे जरा अतीच. पण बारा वाजेपर्यंत जागी होते.

लेकीनं मात्र माझा मोर्चा लगेच अडवला. सगळं एकाच मापानं मोजू नकोस म्हणाली, आणि दिल्लीतल्या एका प्रयोगाबद्दल सांगितलं. सरकारी शाळांतल्या मुलांना शाळा सुटल्यावर माइंडस्पार्क नावाच्या संगणक-कार्यक्रमावर शिकवलं, कुणाला प्रवेश मिळेल ते सोडत काढून ठरवलं. साडेचार महिन्यांत त्या मुलांचं गणित न आलेल्यांपेक्षा बरंच पुढं गेलं. 2019 मध्ये अर्थशास्त्राच्या मोठ्या नियतकालिकात त्यावर निबंध आला. मर्म असं की सहावीतलं सरासरी मूल गणितात अडीच इयत्ता मागं होतं. वर्गात बाई सहावीचं शिकवणार, मूल असणार तिसरी-चौथीत. बाईंसमोर चाळीस जण, त्या काय करणार? यंत्र मात्र प्रत्येकाला तो असेल तिथून उचलतं, आणि चुकांचा साचा बघून पुढचा प्रश्न देतं. म्हणजे आमच्या हेडकॅशियरबाईंसारखं. "पण आई," लेक पुढं म्हणाली, "तिथं रोज पाऊण तास संगणक आणि पाऊण तास गटात शिकवणारं माणूस, असं होतं." तेव्हा श्रेय यंत्राला किती आणि माणसाला किती, हे टॅली करायला मी काही बसले नाही.

ईशानला हातचा शिकवायला मी नोटा काढल्या. पाच दहाच्या, दोन नाणी. यातून अडतीस दे. तो दहाच्या तीन नोटा देऊन थांबला, आठ रुपये सुटे नाहीत. "मग काय करतात?" "गूगल पे." खरं सांगते, असंच म्हणाला. शेवटी एक नोट मोडली, दहा नाणी आली, तेव्हा कुठं चाक फिरलं. तेही पक्कं नाही. दोन दिवसांनी पुन्हा 26 आलंच.

या सगळ्यात आणखी एक गोष्ट कळली. 'एकोणपन्नास' म्हटलं की तो 'फिफ्टी नाइन' लिहितो. कानाला पन्नास आणि नऊ ऐकू येतं त्याला. एकोण म्हणजे एक कमी, असं समजावल्यावर म्हणाला, "मग सरळ फोर्टी नाइन का नाही म्हणत?" 2019 च्या जूनमधला तो गदारोळ आठवला. बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात एकवीसला 'वीस एक', सत्त्याण्णवला 'नव्वद सात' असंही म्हणावं असं आलं आणि महाराष्ट्र पेटला. समितीच्या प्रमुख गणितज्ञ मंगलाताई नारळीकर. मीही तेव्हा व्हॉट्सअॅपवर फडणवीसांना 'फडण दोन शून्य' म्हणणारे विनोद पुढं ढकललेले. मंगलाताई 2023 मध्ये गेल्या. आज माझा नातू आकडा ऐकतो एका क्रमानं आणि लिहितो दुसऱ्या क्रमानं, कानडी-तेलुगू मुलांना हा त्रास नाही, आणि ड्रॅगन तर इंग्रजीच बोलतो. तेव्हा ईशानपुरता हा प्रश्न मिटलाच. मराठी आकडे त्याच्यासाठी आता आजीकडच्या सुट्टीत ऐकायची भाषा. मला वीस एक अजूनही कानाला टोचतं. पण ते विनोद पाठवायला नको होते.

निघायच्या आदल्या दिवशी पुन्हा गंगेवर गेलो. तीच भाजीवाली, गवार दहानं महागलेली. मी मुद्दाम विषय टाळत होते. तोच आठवून म्हणाला, "आजी, त्या दिवशी तू पाऊण म्हणालीस ना, ते काय असतं?" मी चालता चालता थांबले. मागून कुणाची तरी हातगाडी घंटा वाजवत होती. "पाऊण म्हणजे… तीन पाव." "पाव म्हणजे ब्रेड?" मग मी म्हटलं, "थ्री-फोर्थ." "ओह!" आणि चार पावलांत, "ऐंशीचे थ्री-फोर्थ म्हणजे हाफ फोर्टी, त्याचं हाफ ट्वेंटी, सिक्स्टी. आजी, हे तर चॉकलेट बारच्या लेव्हलमध्ये आहे." त्या ड्रॅगनच्याच खेळात एक पट्टी निम्मी, पुन्हा निम्मी कापायची पायरी होती म्हणे. मी ती पाहिलीच नव्हती.

म्हणजे गणित येत होतं. शब्द येत नव्हता. आणि शब्द येत नसेल तर मूल काय करतं? समजलेलं नाही हे न सांगता वेळ मारून नेणारा, खेळानं शिकवलेला सगळ्यात सोयीचा प्रश्न विचारतं. हे शेवटचं मात्र खेळानंच शिकवलं, ते मी त्याच्या खात्यातून वजा करणार नाही. पण गवार मोडत आठवडाभर जो राग मी धरून होते, त्यात 'तुला पाऊण कळलं का?' हे मी त्याला एकदाही विचारलं नव्हतं. तो गप्प राहिला, मी ढग विरवून पुढं गेले.

भाजीवाली विचारत होती, "आज किती देऊ?" ईशान म्हणाला, "थ्री-फोर्थ." ती माझ्याकडं बघायला लागली.

तो गेला आणि घर नेहमीसारखं सामसूम झालं. फ्रिजमध्ये अर्धी वाटी आमरस, कोचाच्या फटीत एक पेन्सिल. टॅब पुण्याला गेला, पण शेवटच्या दिवशी चार्जिंग संपलं म्हणून त्यानं तोच खेळ माझ्या फोनवर घातला होता. रात्री साडेनऊला, मी बातम्या बघत असताना, फोन टिंग वाजला. तुझा ड्रॅगन भुकेला आहे. दुसऱ्या दिवशी पुन्हा. तुझा ड्रॅगन उदास आहे. हे असं मुलांच्या मागं लागणं मला अजिबात पटत नाही, हे मी लेकीला तावातावानं सांगितलंही. तिसऱ्या रात्री बघवेना, म्हणून उघडलं. एक-दोन फळं घालून बंद करणार होते.

पंधरवड्यानं ईशानचा फोन आला तेव्हा मी ओशाळून सांगितलं, "तुझ्या ड्रॅगनला मी खायला घालते हं रोज." तो क्षणभर गप्प. "कुठला ड्रॅगन?… अगं तो! तो बोअर आहे आजी, मी आता दुसरं खेळतो. डिलीट करून टाक." मग शाळेचं, बसच्या नवीन काकांचं, पावसाचं बरंच काही सांगून फोन ठेवला.

अजून काढलेलं नाही. चौदाव्या पायरीवर अडकले आहे. उत्तरं सगळी येतात, पण तिथं प्रश्नाला चारच सेकंद देतात आणि माझं बोट पोचेपर्यंत ढग निघून गेलेला असतो.